अठ्ठ्याण्णव म्हणजे माहीत नाही

सातव्या महिन्यात ती नवऱ्याच्या चपला घालायची.

शिडीला दहा पायऱ्या. सगळ्यात वरची म्हणजे तुमच्या मनातलं सगळ्यात चांगलं आयुष्य. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

घाटंजीच्या बाजारातून तिनं माझ्यासाठी आणलेला केसांचा चाप. एक दात तुटलाय.

एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. (नियमपुस्तिका, पान नऊ.)

'नाही' दाबलं की टॅबलेट एकोणीस प्रश्न गिळतो. आवाज करत नाही.

पिकअपच्या मागच्या फळीवर लिहिलं होतं: आईचा आशीर्वाद.

कपिल म्हणाला, "शीलाताई, तुमच्या घरी कोणी मरतच नाही बा."

प्रश्न ४१

मी सर्व्हेचं काम करते. लांबच्या शहरातल्या एका संस्थेला समजून घ्यायचंय की घरात मोठा आजार आला, मरण आलं, की त्या घराचं पुढं काय होतं. मुलं शाळेत राहतात का, ताट बदलतं का, मागे राहिलेल्यांची तब्येत कशी राहते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातली गावं फिरतो, विचारतो, टॅबलेटवर भरतो. तिकडं त्याचे तक्ते होतात.

एकेचाळिसावा प्रश्न असा: गेल्या पाच वर्षांत या कुटुंबातल्या कोणाचा मृत्यू झाला का?

'होय' असेल तर बेचाळीस ते साठ. कोण, कधी, कशानं, आधी अंगावर काय दिसत होतं, दवाखान्यात कोणी नेलं, किती वेळानं नेलं. 'नाही' असेल तर सरळ एकसष्ट: घरी शौचालय आहे का.

माझं गाव केळापूरच्या बाजूचं. घरात आई आणि मी. आपल्याच गावात आपण सर्व्हे करायचा नाही असा नियम आहे, म्हणून तिथं कपिल गेला. कपिल माझ्यासोबतचा, दिग्रसचा. त्यानं माझ्या आईला एकेचाळीस विचारला.

"नाई," आई म्हणाली.

"बेबीताई, कोणीच नाई? पाच वर्षांत?"

"पोरगी गेली. पण ते त्याहिची. देल्ली होती ना आमी. देल्लेली पोरगी आमच्या घरात कशी लिहिशीन तू?"

कपिलनं 'नाही' दाबलं. संध्याकाळी बसस्टँडवर त्यानं तो विनोद केला. सुरभीबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. माझी धाकटी बहीण, चोवीस वर्षांची, आठव्या महिन्यात, झटके येऊन. बाळ पोटातच. त्यानं टॅबलेट बंद केला आणि उगाच परत चालू केला.

आठ दिवसांनी पुढच्या गावांची यादी आली. घाटंजी तालुक्यातली चार. त्यांतलं एक सुरभीच्या सासरचं, आणि निवडलेल्या घरांत सव्विसावं नाव तिच्या सासऱ्यांचं. सदाशिवराव. ते गाव कपिलच्या वाट्याला होतं.

त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

"ते गाव मला दे," मी कपिलला म्हटलं.

"ताई, नातेवाइकाचं गाव चालत नाही ना."

"नातं राहिलं कुठं?"

"मंग चालते." मग म्हणाला, "भांडसान नाही ना?"

"प्रश्न विचारीन फक्त."

"त्याचंच भेव हाय."

मला काय हवं होतं ते इथंच सांगून टाकते. मला 'होय' हवं होतं. सदाशिवरावांच्या तोंडून, त्यांच्याच ओसरीवर. आणि मग पुढची एकोणीस उत्तरं, एकेक, भूल न देता दात उपटावेत तशी.

प्रश्न १ ते ११

नोव्हेंबर. वेचणी सुरू. ओसरीच्या मागच्या खोलीत कापूस छतापर्यंत दाबून भरलेला, दार लागत नव्हतं. सदाशिवराव खुर्चीवर. पांढरा शर्ट, पायात बूट. घरात बूट घालणारा त्या गावात तो एकच माणूस.

"शीला नं व तू? सुरभीची बहीण?"

"सर्व्हे आहे. आरोग्याचा."

"बस, बस." आत पाहून मोठ्यानं, "चहा मांडा व! इवायाच्या घरचं माणूस आलं." मग माझ्याकडं. "पहिले मामाजी म्हणे तू मले."

"आता उत्तरदाते म्हणायचं असतं."

"वा! सरकारनं लय मोठं नाव देल्लं मले."

मी संमतीपत्र वाचलं. तुमची माहिती गुप्त राहील. तुमचं नाव कुठंही छापलं जाणार नाही. तुमच्या घराला फक्त एक क्रमांक मिळेल. हे नाव चौकातल्या फलकावर लिहावं, शाळेच्या भिंतीवर रंगवावं, असं तीन वर्षं मनात घोळवत होते, आणि आता मीच त्यांना सही करायला पेन देत होते.

सही झाली. घरात माणसं किती? चार. सदाशिवराव, त्यांची बायको तुळसाबाई, मुलगा रोशन, रोशनची बायको खुशी. लग्नाला दीड वर्ष. रोशन वावरात.

चहा खुशीनं आणला. वीस-एकवीसची असेल. सातवा महिना. ट्रे ठेवायला वाकली तेव्हा मी तिच्या पायांकडं पाहिलं. मग टॅबलेटकडं.

शिडी दाखवली. कितवी पायरी?

"नऊ," सदाशिवराव म्हणाले.

"दहावी का नाही?"

"नातू येऊ दे ना. मंग दहा."

प्रश्न ४१ (पुन्हा)

"नाई."

"नक्की?"

"सुरभीचं म्हणून राह्यली का तू? ते तं तुमच्या घरी मेली बाई. पहिलं बाळंतपण माहेरी, ते रीतच हाय. आमी तिले धडधाकट धाडली. तुमच्याकडं लिहा."

"आमच्याकडं आईनं 'नाही' सांगितलं. दिलेली मुलगी म्हणून."

"मंग झालं!" त्यांना खरंच गंमत वाटली. मांडीवर थाप मारली. "दोन्ही घरी नाई, तं मेलीच नाई समज!"

मी पुस्तिका उघडली. पान नऊ. मरणाच्या आधीच्या बारा महिन्यांत सहा महिने किंवा जास्त ज्या चुलीवर जेवली, त्या घरातली. मी वाचलं, मग हिशेब सांगितला. सात जानेवारीला ती माहेरी आली. एकोणतीसला गेली. आमच्या चुलीवर बावीस दिवस. उरलेलं वर्ष कोणाच्या?

"आणि दवाखान्याच्या दारात तुम्ही काय म्हणाले होते?"

हा प्रश्न पुस्तिकेत नाही. उत्तरही मीच दिलं.

"आमची सून हाय, म्हणाले होते. अग्नी आमीच देऊ. पिकअप घेऊन आले होते. मी रस्त्यापर्यंत मागं पळाले. नेताना तुमची होती."

आतून तुळसाबाईंचा आवाज आला. "लिहू द्या नं हो. लिहिल्यानं का ते परत येते?"

सदाशिवरावांनी बुटाचं टोक पाहिलं. "हाव, लिही," ते म्हणाले. "नाव तं छापत नाई म्हणते ना तू?"

"नाही छापत."

"मंग लिही. होय."

मी दाबलं. टॅबलेटनं गिळलेले एकोणीस प्रश्न बाहेर काढले.

४२ ते ६०

खुशी रिकामा ट्रे घेऊन दारात उभी होती. आत जा असं तिला कोणी म्हटलं नाही. मीही नाही. मी आवाज मोठा केला.

पाय, चेहरा किंवा हात सुजले होते का?

"नाई."

"आता नाई काय म्हणता?" तुळसाबाई हात पुसत बाहेर आल्या. "रोशनच्या चपला घालून फिरे ते. तिच्या चपला जातच नव्हत्या पायात."

"तू चूप बस."

"खरं ते सांगून राह्यली मी. पोटुशीचे पाय सुजतेच. त्यानं मरते का कोणी?"

खुशीनं खाली पाहिलं. मी मघाशीच पाहिलं होतं. काळ्या रबरी चपला, पुरुषाच्या, नऊ नंबरच्या. पट्टे मांसात रुतलेले.

डोकं दुखत होतं का?

"दुखे. उन्हात कापूस वेचल्यावर दुखतेच."

तपासणी झाली होती का?

"आशाताई येऊन गेलती," तुळसाबाई म्हणाल्या. "बीपी वाढला म्हणे. घाटंजीले न्या म्हणे."

नेलं?

"वेचणी चालू होती ना बाई. बाया भेटत नव्हत्या."

न नेण्याचा निर्णय कोणी घेतला? पर्याय: स्वतः, नवरा, सासू, सासरे, इतर.

मी पर्याय पुन्हा वाचले. सावकाश. तुळसाबाई खांबाकडं बघत होत्या.

"या घरात निर्णय मीच घेतो," सदाशिवराव म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या जिभेवर कायमचं बसलेलं. लग्नाच्या बैठकीत म्हणाले होते, सोसायटीच्या सभेत म्हणतात, भाजीवाल्यालाही म्हणत असतील. यावेळीही तसंच, छाती पुढं काढून म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. तोवर माझं बोट चौथ्या पर्यायावरून उठलं होतं.

"आई," खुशी सासूला म्हणाली, "ते पाय घसरून पडली होती म्हणे ना? विहिरीपाशी?"

तुळसाबाई पुन्हा हात पुसू लागल्या.

"मले तसं सांगतल्या गेलं होतं," ती म्हणाली. या वेळी माझ्याकडं बघून.

सत्तावन्न: लक्षणं वाढल्यापासून दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत किती तास गेले?

"ते मले कायले विचारते?" सदाशिवराव उसळले. "तेव्हा तं तुमच्या घरी होती. तुले मालूम!"

मी ९८ दाबलं. अठ्ठ्याण्णव म्हणजे माहीत नाही.

साठावा प्रश्न मोकळा असतो. काय घडलं ते त्यांच्या शब्दांत लिहायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. वाचून दाखवणं नियमात आहे. तो नियम मला त्या दिवशी फार आवडला. मी उभी राहून वाचलं, शेजारची बाई कुंपणापाशी थांबेल इतक्या आवाजात:

"सून सात महिन्यांची गरोदर होती. पाय सुजले होते. चपला होत नव्हत्या. डोकं दुखत होतं. आशाताईंनी बीपी वाढला सांगितलं, घाटंजीला न्या सांगितलं. वेचणी चालू होती. मी नेलं नाही. या घरात निर्णय मीच घेतो. नंतर रीतीप्रमाणं एसटीनं माहेरी पाठवली. तिथं ती मेली."

"बरोबर आहे?" मी विचारलं.

शेजारची बाई खरंच थांबली होती.

प्रश्न ६७ (फक्त स्त्रिया, एकांतात)

मागच्या अंगणात हँडपंप. खुशी दगडावर बसली, मी उकिडवी. इथं दुसरं कोणी असायला नको, असं सांगून मी तुळसाबाईंना आत पाठवलं.

तुमची तपासणी कितीदा झाली?

"एकदा. आशाताई मागच्या हप्त्यात पुन्हा येऊन गेली. मामाजी म्हणे, वेचणी होऊ दे, मंग माहेरी धाडतो, तिकडंच दाखवजो."

डोकं दुखतं का?

"हाव."

पुस्तिकेत लिहिलंय: उत्तरदात्याला सल्ला देऊ नये. मदत करू नये. त्यानं आकडे बिघडतात.

मी गप्प बसले. नियमामुळं नव्हे. हे लिहायला बरं वाटत नाही, तरी लिहिते. मला समोर ती दिसतच नव्हती. मला पुढचं वर्ष दिसत होतं. याच ओसरीवर मी पुन्हा एकेचाळीस विचारतेय. सदाशिवरावांना पुन्हा 'होय' म्हणावं लागतंय. दोन सुना. दोन्ही पहिल्या बाळंतपणाच्या. मग त्यांना कोणी पोरगी देणार नाही, सोसायटीत कोणी शेजारी बसणार नाही, रोशन त्या कापसाच्या खोलीत एकटा झोपेल. मी हे सगळं नीट पाहिलं आणि मला गोड लागलं.

"ताई," खुशी म्हणाली, "मले सकाळपासून हे हँडपंप दोन दिसून राह्यले."

मी फोन काढला. १०८. गावाचं नाव सांगून गाडी मागवली.

छापलेला प्रश्न नाही

गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात अर्धं गाव जमलं.

"हे मुलाखत हाय का पोरगी पळवणं हाय?" सदाशिवराव ओरडत होते. "संध्याकाळी रोशन येईन, मंग पाहू! कोणाले विचारून फोन केला?"

"मी केला," मी म्हटलं.

"तू कोण व?"

"मी सांगतलं तिले कराले," खुशी म्हणाली.

तिनं सांगितलं नव्हतं. गाडीच्या दाराला धरून ती पायरी चढत होती. एक चप्पल सुटून खाली पडली. तिनं दुसरीही झटकली.

"माहेरी धाडलं असतं नं तुले हप्त्याभरात!" सदाशिवरावांचा आवाज चिरकला. "रीतीनं धाडलं असतं!"

"मराले धाडत होते," खुशी म्हणाली. "मेली असती तं म्हटलं असतं, तथी मेली."

तुळसाबाई पिशवी घेऊन धावत आल्या. गाडीत चढू लागल्या. खुशीनं पिशवी घेतली. दार ओढून घेतलं.

मी चपलांकडं बघत राहिले. कोणी उचलल्या नाहीत.

पडताळणी

घाटंजीहून तिला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बीपी एकशे ऐंशी, वरचा. तिसऱ्या दिवशी पोट फाडून मुलगी काढली, पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत सव्वीस दिवस. दोघी जगल्या. खुशीचा भाऊ येऊन दोघींना तिकडूनच आपल्या घरी घेऊन गेला. रोशन दोनदा आणायला गेला. दोनदा दारातच चहा पिऊन परत आला.

सदाशिवरावांनी संस्थेकडं तक्रार केली. नातेवाइकाच्या घरी जाऊन मुलाखत घेतली, नियम मोडले. तक्रार खरी होती. मला काढून टाकलं आणि त्या घरची मुलाखत रद्द झाली. म्हणजे 'होय' पुसलं गेलं. सुरभी पुन्हा कुठल्याच घरात नव्हती.

जानेवारीत कपिलला त्या घरी पाठवलं. सगळं पहिल्यापासून.

तिथून त्यानं मला फोन केला, दुपारी, उकिरड्यामागं उभा राहून. कुजबुजत होता.

"ताई, म्हातारा बोलतच नाही. खुर्चीवर बसून राह्यला नुसता. पायात बूटही नाहीत."

"एकेचाळीस?"

"तुळसाबाईनं सांगितलं. मी विचारायच्या आधीच. 'होय लिही,' म्हणे. 'सुरभी लिही. आमच्याच घरची लिही.' एकोणीसच्या एकोणीस तिनंच सांगितले, त्यानं एकदाही चूप बस म्हटलं नाही."

माझ्या छातीत काहीतरी मोकळं झालं. मी विचारलं, "शिडी?"

"काय?"

"म्हाताऱ्याची पायरी. कितवी सांगितली?"

असं एकमेकांना सांगायचं नसतं.

"तीन," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. नऊमधून तीन गेले सहा. मी ते बोटांवर मोजलं, दोनदा. तुटक्या दाताचा चाप काढून केस पुन्हा बांधले.

"एक अडलंय, ताई," कपिल म्हणाला. "सत्तावन्न. किती तास गेले ते. तुळसाबाई म्हणते, ते आमाले काय मालूम, ते तिच्या बहिणीले विचारा. तेच तिच्यापाशी होती. म्हणून फोन केला. काय भरू?"

चुलीवर आईची डाळ शिजत होती. आई माझ्याकडं बघत होती.

"ताई? आवाज येऊन राह्यला का?"

"अठ्ठ्याण्णव," मी म्हटलं.

एकोणतीस जानेवारीला सकाळी नऊ वाजता सुरभीनं मला सांगितलं होतं की तिला सगळं दोन-दोन दिसतंय; मी तिला पडून राहा म्हटलं, आणि गाडीला फोन दुपारी साडेतीनला केला.